गॉथ राजांची कायद्याची पोथी

आईबापाच्या थोबाडीत मारणं, बुक्की मारणं, लाथ घालणं, दगडाने, काठीने नाहीतर चाबकाने मारणं, पाय धरून किंवा केस धरून फरफटत नेणं. ही यादी सातव्या शतकातल्या स्पेनच्या एका कायद्यातली आहे, किंदास्विंथ नावाच्या विसिगॉथ राजाने केलेल्या, आणि कायद्याचा विषय काय तर वारसाहक्क! म्हंजे असं की आईबाप मुलांना किरकोळ रागावरून इस्टेटीतून बेदखल करू शकत नाहीत, पण पोराने किंवा नातवाने वरच्यापैकी काही केलं असेल तर करू शकतात, वर त्या दिवट्याला न्यायाधीशासमोर पन्नास फटके. नंतर पोराला पश्चात्ताप झाला, त्याने माफी मागितली आणि म्हाताऱ्यांनी पदरात घेतलं तर वारसा परत मिळण्याची सोयसुद्धा ठेवलीय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग जरा विचार केला तर वाटलं की अशी यादी कोणी नुसत्या डोक्यातून काढत नाही. कुठल्यातरी पोराने कुठल्यातरी बापाला केसाला धरून अंगणात ओढलेलं असणार, प्रकरण न्यायाधीशापर्यंत गेलं असणार, आणि वकील म्हणाला असणार की महाराज, कायद्यात 'मारणं' म्हटलंय, ओढणं कुठे म्हटलंय. मग पुढच्या वेळी ओढणंही यादीत आलं. जुने कायदे वाचायचा मला नाद लागला तो यामुळेच. इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, घरातली भांडणं बघायची तर कायद्याची पोथीच उघडावी लागते.

आपल्याकडे शाळेत रोम शिकवतात ते साधारण असं, सीझर, मग सम्राट, मग रानटी टोळ्या आल्या आणि 476 साली सगळं संपलं. या रानटी टोळ्यांनी पुढे काय केलं हे कोणी सांगत नाही. विसिगॉथांपुरतं सांगायचं तर त्यांनी कायद्याचं पुस्तक लिहून घेतलं. एकदा नाही, दोनशे वर्षं परत परत, दुरुस्त करून, नवीन व्हर्जन काढून.

आधी रोमचं थोडक्यात. इसवी सनापूर्वी 451-450 च्या सुमारास रोममध्ये बारा पाट्यांवर कायदा लिहिला गेला, तोही सामान्य लोकांनी धरून बसल्यावर, कारण तोवर कायदा काय आहे हे ठराविक घराण्यांनाच माहीत असायचं. सिसेरो सांगतो की त्याच्या लहानपणी पोरं या बारा पाट्या तोंडपाठ करायची. मग दरवर्षी नवीन प्रेटर यायचा, म्हंजे खटले कसे चालवायचे ते ठरवणारा अधिकारी, तो आपली नियमावली जाहीर करायचा, पुढचा माणूस त्यात थोडी भर घालायचा. त्याच्या जोडीला कायदेपंडितांची मतं, सम्राटांची फर्मानं, असं करत करत एवढा ढीग झाला की पाचव्या शतकात न्यायाधीशाला काय मानायचं आणि काय नाही तेच कळेना. यावर 426 साली काढलेला तोडगा मला फार आवडतो. गायस, पापिनियन, पॉलस, उल्पियन आणि मोडेस्टिनस हे पाच पंडित प्रमाण, त्यांच्यात मतभेद असेल तर बहुमत बघायचं, आणि समसमान पडले तर पापिनियन म्हणेल ते. हे पाचही जण तेव्हा मरून दोनशेच्या आसपास वर्षं झाली होती! मेलेल्या माणसांचं मतदान घेऊन जिवंत माणसांचे खटले निकालात काढायचे, व्यवस्था थकली की काय काय करते बघा.

मग 438 साली सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या नावाने संहिता आली, सोळा भागांची, कॉन्स्टंटाइनपासूनच्या सम्राटांचे कायदे एकत्र करून. रोमच्या सिनेटमध्ये ती सादर झाली त्या बैठकीचं इतिवृत्त शिल्लक आहे आणि ते वाचताना आपल्याकडच्या सर्वसाधारण सभेची आठवण येते. सिनेटर घोषणा देतायत, आणि कारकुनाने प्रत्येक घोषणेपुढे ती किती वेळा दिली तो आकडा लिहिलाय. त्यातली एक मागणी अशी की याच्या भरपूर कॉप्या करा, म्हंजे कोणी मजकुरात फेरफार करू शकणार नाही. हे म्हणणारी माणसं काही मूर्ख नव्हती. साम्राज्य हातातून चाललंय हे त्यांना दिसत असणारच, आणि अशा वेळी त्यांना काळजी कसली तर प्रतींची.

आता गॉथ, म्हंजे पुढे ज्यांना विसिगॉथ म्हणतात ते. 376 साली हे लोक हूणांच्या भीतीने डॅन्यूब नदी ओलांडून रोमन हद्दीत आले, तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना अन्नासाठी अक्षरशः नागवलं, त्यातून बंड झालं आणि 378 मध्ये एड्रियानोपलला त्यांनी सम्राट व्हॅलेन्ससकट रोमन सैन्य कापून काढलं. 410 मध्ये अलारिकने रोम लुटलं. त्याच्यानंतरचा राजा अथॉल्फ, त्याने सम्राटाची सावत्र बहीण गाला प्लासिडिया, जिला रोमहून पळवून आणलेलं होतं, तिच्याशी 414 मध्ये नार्बोनला लग्न केलं. याच अथॉल्फची एक गोष्ट ओरोसियस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलीय. तो म्हणतो मी ही बेथलेहेममध्ये ऐकली, नार्बोनचा एक माणूस संत जेरोमला सांगत होता तेव्हा. अथॉल्फ म्हणे सांगायचा की तरुणपणी मला रोमचं नावच पुसून टाकायचं होतं, सगळं गॉथांचं राज्य करायचं होतं, पण अनुभवाने कळलं की माझे गॉथ कायद्याला जुमानत नाहीत आणि कायद्याशिवाय राज्य हे राज्यच नव्हे, म्हणून मग ठरवलं की आपण रोमला सावरणारा म्हणून नाव कमवावं.

खरं खोटं देव जाणे, तिसऱ्या तोंडाने आलेली गोष्ट आहे, आणि रोमन कानाला गोड वाटेल अशीच आहे. पण पुढे जे झालं ते या गोष्टीला धरूनच झालं. 418 च्या सुमारास गॉथ आताच्या नैऋत्य फ्रान्समध्ये वसले, तुलूझ त्यांची राजधानी झाली, आणि युरिक राजाच्या काळात, 475-80 च्या आसपास, त्यांचा पहिला लिखित कायदा तयार झाला. लॅटिनमध्ये. गॉथांना स्वतःची लिपी होती, बायबल होतं त्यांच्या भाषेत, तरी कायदा लॅटिनमध्ये, कारण लिहायला बसलेली माणसं रोमन शिक्षणातली होती. युरिकचा एक मोठा सल्लागार लिओ, हा नार्बोनचा रोमन कायदेपंडित. तलवार गॉथाची आणि लेखणी हरलेल्या रोमनाची असा तो एकूण कारभार.

या युरिकच्या कायद्याचा काही भागच आपल्यापर्यंत आलाय आणि तोही कसा, तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात खालच्या थरात. चामड्याची पानं महाग, म्हणून नंतरच्या कोणीतरी जुनी अक्षरं खरवडून वर दुसराच मजकूर लिहिला, आणि खरवडलेल्या अक्षरांच्या पुसट खुणांवरून विद्वानांनी कायदा परत वाचला. त्यात 277 नंबरचं कलम जमिनीचं आहे. गॉथांचे हिस्से आणि रोमनांचा तिसरा हिस्सा यावर पन्नास वर्षांत कोणी दावा केला नाही तर नंतर करता येणार नाही. वाचायला कोरडं वाटतं, पण त्यामागे किती रडारड असेल याचा विचार करा. आजोबांची शेती गेली, दोन भाग पाहुण्या गॉथाचे आणि एक भाग आपला, आणि आता राजाच म्हणतोय की पन्नास वर्षं झाली, विषय संपला. (जमीनच वाटली होती की तिच्या करातला वाटा दिला होता यावर इतिहासकार अजून भांडतायत, ते एक आहेच.)

युरिकचा मुलगा दुसरा अलारिक. याने 506 मध्ये जे केलं ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि केलं ते बहुतेक घाबरून. उत्तरेकडून फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस चालून येणार हे दिसत होतं, प्रजेतले रोमन लोक आणि बिशप आपल्या बाजूने राहायला हवे होते, म्हणून त्याने रोमन कायद्याचा एक संक्षेप करून घेतला. थिओडोसियसच्या संहितेतले निवडक उतारे, नंतरचे काही कायदे, पॉलसची म्हणून ओळखली जाणारी वचनं, गायसच्या पाठ्यपुस्तकाचं छोटं रूप, शेवटी पापिनियनचं एक मत. आणि बहुतेक उताऱ्यांखाली साध्या लॅटिनमध्ये अर्थ, म्हंजे आपल्या भाषेत सांगायचं तर गाइड. सम्राटांची भाषा एवढी फुगलेली असायची की ओळ कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि खालचा अर्थ लिहिणारा शांतपणे दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. अनियानस नावाच्या अधिकाऱ्याची सही असलेलीच प्रत खरी, दुसरी कोर्टात आणली तर जीव किंवा मालमत्ता धोक्यात, असा हुकूम होता.

पुढच्याच वर्षी, 507 मध्ये, व्हुइयेच्या लढाईत अलारिक मारला गेला. तुलूझ गेलं, गॉथ पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये सरकले. पण ते गाइड मात्र मागे फ्रान्समध्ये राहिलं आणि ज्यांनी अलारिकला मारलं त्यांच्याच राज्यात पुढे काही शतकं वापरात होतं. पश्चिम युरोपातल्या कितीतरी पिढ्यांना रोमन कायदा म्हणून जे माहीत होतं ते हेच. सम्राट जस्टिनियनने 529 ते 534 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला केलेलं भव्य काम, ते कायदेपंडितांच्या मतांचं पन्नास भागांचं डायजेस्ट वगैरे, पश्चिमेत खऱ्या अर्थाने वाचलं जायला लागलं ते अकराव्या-बाराव्या शतकात बोलोन्याला. मधली पाचशे वर्षं मुख्यतः हे हलकंफुलकं पुस्तक चाललं. पंडितांना हे आवडत नाही, ते याला ऱ्हास म्हणतात, शुद्ध रोमन कायद्याची पडझड वगैरे. मला नाही तसं वाटत. गावातल्या न्यायाधीशाला डायजेस्ट देऊन काय उपयोग होता, त्याला उद्या सकाळी मेंढ्यांचा खटला चालवायचा होता.

स्पेनमधल्या गॉथांचं राजकारण भयंकर. राजे मारायची यांना सवयच आहे असं फ्रँकांचा इतिहासकार तूरचा ग्रेगरी लिहून गेलाय, आणि तो काही फार अतिशयोक्ती करत नव्हता. तरी कायद्याचं काम चालूच. थेउदिस नावाच्या राजाने 546 मध्ये कोर्टाच्या खर्चावर कायदा केला. लेओविगिल्डने जुनी संहिता दुरुस्त केली, आणि रोमन व गॉथ यांच्यातल्या लग्नांवरची बंदी उठवली, जी बंदी मुळात रोमन सम्राटांचीच होती. गंमत म्हंजे त्याच्या कितीतरी आधी खुद्द थेउदिसची बायको इथलीच एक श्रीमंत बाई होती, तेव्हा लोक कायद्याची वाट बघत बसले नव्हते. गॉथ तोवर वेगळ्या, एरियन पंथाचे ख्रिस्ती होते. मग आधी रेकारेड राजा आणि 589 मध्ये त्याच्यामागोमाग गॉथ कॅथलिक झाले, धर्माची भिंत पण पडली.

आणि मग किंदास्विंथ, सुरुवातीच्या यादीवाला. म्हातारपणी, 642 मध्ये, बंड करून गादीवर आला. त्याने वरच्या घराण्यांतली दोनशे आणि मधल्या थरातली पाचशे माणसं मारली असं एक फ्रँक बखर सांगते. बंडखोरांना मृत्युदंड, आणि दया दाखवायचीच तर डोळे काढायचे, असा कायदाही त्याचाच. हाच माणूस बसून लिहून घेतो की बापाने चिडून मुलांचा हिस्सा मारू नये! त्याच्या मुलाने, रेकेस्विंथने, 654 मध्ये बारा भागांचं मोठं पुस्तक जाहीर केलं, आणि त्यात सगळ्यांना एकच कायदा, गॉथ असो की रोमन. याच्याशिवाय दुसरं कायद्याचं पुस्तक कोर्टात आणलं तर दंड तीस पौंड सोनं. दुसऱ्यांचे कायदे अभ्यासासाठी खुशाल वाचा, आम्हाला ते हवंच आहे, पण खटल्यात आणू नका असं त्यात चक्क लिहिलंय. आणि एक कलम खुद्द या पुस्तकाच्या किमतीचं, ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेणारा आणि देणारा दोघांना शंभर फटके. पुस्तकाची एमआरपी!

ज्यांना हा रेकेस्विंथ बघायचाय त्यांच्यासाठी माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्याचा सोन्याचा मुकुट आहे, 1858 मध्ये तोलेदोजवळ ग्वारासारला सापडलेला, डोक्यावर घालायचा नाही तर चर्चमध्ये टांगायचा, आणि त्याच्या खाली साखळ्यांना त्याच्या नावाची एकेक अक्षरं लोंबतायत.

पुस्तक आतून वाचायला मजा येते. डॉक्टरांचे नियम बघा. नातेवाईक हजर नसताना वैद्याने स्वतंत्र (म्हंजे गुलाम नसलेल्या) बाईचं रक्त काढायचं नाही. पेशंट घ्यायच्या आधी फी ठरवायची, आणि पेशंट गेला तर फी विसरायची. मोतीबिंदू काढून दृष्टी आली तर पाच सोलिदी, म्हंजे सोन्याची नाणी. शिष्य शिकवायची फी बारा. दुसरीकडे मधमाश्या, शहरात किंवा वस्तीत पोळी ठेवून लोकांना त्रास झाला तर भरपाई द्या. कोणाचा मारका प्राणी माणसाच्या जिवावर उठला तर किती द्यायचे त्याचा तक्ता वयानुसार, वीस ते पन्नास वर्षांच्या स्वतंत्र पुरुषाचे तीनशे सोलिदी, पंधरा ते चाळीसच्या बाईचे अडीचशे, म्हातारे आणि तान्ही मुलं स्वस्त. मृत्युपत्र नसेल तर मुलींना भावांइतकाच हिस्सा, हे कलम वारसाच्या प्रकरणात अगदी सुरुवातीला. लग्नानंतर नवराबायकोने मिळून जे कमावलं ते दोघांच्या मूळ मालमत्तेच्या प्रमाणात दोघांचं.

एवढं वाचून प्रेमात पडायच्या बेतात असताना बारावा भाग येतो आणि सगळा उत्साह मावळतो. ज्यूंनी आपले सण पाळायचे नाहीत, सुंता करायची नाही, आपल्या पद्धतीने लग्न करायचं नाही, आणि 681 मध्ये एर्विग राजाने त्यात ढीगभर कलमं आणखी घातली, 694 मध्ये एगिकाच्या वेळी तर त्यांना गुलाम करायचा ठराव झाला. गुलामांची तर प्रत्येक पानावर वेगळी पट्टी, स्वतंत्र माणसाला दंड तिथे गुलामाला फटके. हे बाजूला ठेवून नुसतं मुलींच्या हिश्श्याचं कौतुक करणं मला जमत नाही. ज्या हाताने एक कलम लिहिलं त्याच हाताने दुसरं लिहिलंय, तेवढ्याच काळजीने, पळवाटा बुजवत.

हा कायदा खाली खेड्यात पोचत होता का? थोडाफार पोचत असावा. सालामांका आणि आविला भागात पाटीच्या दगडाचे तुकडे सापडतात, त्यावर टोकदार वस्तूने खरडलेलं वेडंवाकडं लॅटिन, जमिनीची विक्री, गुराढोरांच्या आणि धान्याच्या याद्या, साक्षीदाराने घ्यायच्या शपथेचा मसुदा. चामडं परवडत नव्हतं म्हणून दगडावर लिहिलं. दिएगो आल्वारो नावाच्या गावी असे बरेच मिळाले. त्यातली शपथेची पाटी मला त्या मुकुटापेक्षा जास्त मोलाची वाटते.

711 मध्ये तारिक जिब्राल्टर ओलांडून आला आणि गॉथांचं राज्य काही वर्षांत आटोपलं. पुस्तक नाही आटोपलं. मुस्लिम राजवटीत ख्रिस्ती लोक आपसातले तंटे याच पुस्तकाने सोडवत राहिले, उत्तरेत लेओनच्या राजांच्या दरबारात तेच, बार्सेलोनाकडे तेच, कॅटलान भाषेतल्या सगळ्यात जुन्या मजकुरांत याच्या भाषांतराचे तुकडे आहेत. कास्तिलच्या लोकांना मात्र याचा राग, कारण निवाड्यासाठी लेओनला जावं लागायचं, म्हणून त्यांनी बुर्गोसला याच्या प्रती गोळा करून जाळल्या अशी दंतकथा आहे. त्याच कास्तिलच्या तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा जिंकल्यावर 1241 मध्ये शहराला कायदा म्हणून हाच दिला, आणि लॅटिन कोणाला येत नाही म्हणून तो कास्तिलियनमध्ये उतरवायला सांगितलं. फुएरो हुस्गो म्हणतात त्याला. 1889 चा स्पॅनिश नागरी कायदा येईपर्यंत कोर्टात त्याचा आधार घेतला जायचा.

आमच्या सिंधुदुर्गातल्या लोकांना यातलं काही फार लांबचं वाटू नये, कारण बांदा ओलांडून गोव्यात शिरलं की दुसराच नागरी कायदा सुरू होतो. माझी एक मावशी म्हापशाला दिलेली. काका गेल्यावर वाटणीचा विषय निघाला तेव्हा आमचा मामा समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, पोरं तुला तुझा वाटा देतील हो, काळजी करू नको." मावशी चहा गाळता गाळता म्हणाली, "अर्धं माझंच आहे रे. मला कोण काय द्यायचं? त्यांचं जे काय ते उरलेल्या अर्ध्यातलं." मामा गप्प. गोव्याच्या बाजूला असं असतं हे त्याला पटायलाच वेळ लागला.

गोव्यातला हा कायदा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा, जुलै 1870 पासून तिथे लागू, आणि 1961 नंतरही ठेवलेला. आता वारसाहक्काचा भाग गोव्याच्या स्वतःच्या नवीन कायद्यात आलाय, पण सांगाडा तोच. वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, एक गेला की अर्धं दुसऱ्याचं आपोआप, आणि गेलेल्याच्या अर्ध्यातलं निम्मं मुलांना द्यावंच लागतं, मुलगा मुलगी सारखं, मृत्युपत्राने हवं तसं देता येतं ते फक्त राहिलेलं निम्मं. पोर्तुगालची ही निम्मी-निम्मी पद्धत तिथल्या रूढीतून वाढलेली आहे, थेट रेकेस्विंथपासून सरळ रेघ ओढता येणार नाही, मध्ये राजांच्या तीन-तीन संहिता आणि बोलोन्याचे रोमन पंडित आहेत. पण मुलांचा हिस्सा बापाच्या मर्जीवर नाही हा जो आग्रह आहे, तो त्या भूमीवर किंदास्विंथच्या पोथीतही आहे. त्याच्या कायद्यात परक्याला किंवा चर्चला देता येईल असा भाग एक पंचमांश होता, काकांना स्वतःच्या अर्ध्यातला निम्मा होता, म्हंजे एकूण मालमत्तेचा चौथा.

सामाईक मालमत्ता नको असेल तर गोव्यात लग्नाआधी तसा करार करता येतो. मावशीला मी विचारलं, तुम्ही का नाही केला. ती म्हणाली, "असा करार असतो हे मला आत्ता तू सांगतोयस. आणि बरं झालं तेव्हा कोणी सांगितलं नाही, माझ्या सासऱ्यांनी पहिली सही तिथेच घेतली असती."